रिकाम्या सहा ओळी

एकोणीस वर्षांपूर्वी मला भुसावळहून एक आंतरदेशीय पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

उत्तर न दिलेलं एखादं पत्र प्रत्येकाच्याच घरी असतं. पण मी ग्रंथपाल होतो, आणि आलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्यायची ही माझी एकोणतीस वर्षांची सवय होती. प्रकाशकांच्या जाहिरातींनासुद्धा मी पोच पाठवायचो, त्यावरून कचेरीत माझी थट्टा व्हायची. तेव्हा या एका पत्राला उत्तर न जाणं हा काही विसराळूपणा नव्हता. पहिल्या चार ओळी वाचून मी ते पुन्हा घडी केलं आणि सूचिकार्डांच्या जुन्या खोक्यात ठेवून दिलं. पुढचं वाचलंच नाही.

त्या चार ओळी अशा होत्या: 'श्री. शेवाळे यांस सा. न. वि. वि. माझा मुलगा फोनवर एक गेम खेळतो. त्यात सुरुवातीला जी चाल वाजते ती आमच्या अण्णांची आहे. गेम संपल्यावर तुमचं नाव आणि कराड असं लिहून येतं, त्यावरून हे पत्र टाकत आहे.'

चोरी हा शब्द त्यात कुठेही नव्हता. मला तो दिसला.

मी संगीतकार नाही, हे आधीच सांगतो. पेटीवर बोट ठेवायलाही मी लाजतो. पंचावन्नाव्या वर्षी मला चिपट्यूनचा, म्हणजे जुन्या गेमयंत्रांच्या आवाजात चाली रचण्याचा, नाद लागला, तो त्याच विषयावरच्या एका मार्गदर्शिकेमुळे. पॉलिटेक्निकच्या ग्रंथालयात भेट आलेल्या पुस्तकांत ती होती. प्रोग्राम हाती यायच्या आधीच मी ती दोनदा वाचून काढली होती.

पूर्वी तळहातावर मावणारी गेमयंत्रं असत. त्यांच्या चिपला एका वेळी चारच आवाज काढता यायचे. दोन आवाज चौकोनी लहरींचे, पिपाणीसारखे. तिसरा जरा मऊ, खालच्या पट्टीतला. चौथ्याला सूरच नाही. तो नुसती खरखर करतो, आणि त्या खरखरीचे तुकडे पाडून ताल धरायचा असतो. यंत्रं गेली, पण त्या चार आवाजांचं वेड लागलेले लोक राहिले. ते आजही नवे गेम जुन्या रूपात करतात, आणि त्यांना चाली लागतात. चाल ज्या प्रोग्रामात रचतात त्याला ट्रॅकर म्हणतात. त्यात सूर वाजवायचे नसतात, लिहायचे असतात. वरून खाली चौसष्ट ओळी, एका ओळीत एक सूर. माझ्यासारख्याला हे फार मानवलं. पुस्तकांची दाखल नोंदवही मी आयुष्यभर अशीच लिहिली होती.

आमच्या मंडळींचा इंटरनेटवर एक अड्डा आहे, 'चारसुरी' नावाचा. तिथं रीत अशी की चाल नुसती ऐकवायची नाही, तिची फाइल द्यायची. म्हणजे कुणीही ती उघडून कुठल्या ओळीत काय लिहिलंय ते पाहू शकतो. स्वयंपाकघरासकट जेवायला बोलावण्यासारखं आहे ते. माझी पहिली चाल मी तिथं टाकली तेव्हा तासाभरात नागपूरच्या एकाचा निरोप आला. तो तिथं 'खारीक' या नावानं वावरतो.

'काका, चाल जबरी आहे. पण A ते F मध्ये कुणाचं सामान ठेवलंय?'

ट्रॅकरमधल्या ओळींचे आकडे सोळाच्या पायावर असतात. नऊनंतर दहा येत नाही. A, B, C, D, E, F अशा सहा ओळी येतात आणि मग दहा. मार्गदर्शिकेत हे होतं, पण परिशिष्टात. मला वाटलं, अक्षरांच्या त्या ओळी राखीव असाव्यात. ग्रंथालयात वर्गांक देताना पुढे येणाऱ्या विषयांसाठी जागा मोकळी ठेवतात, तशा. म्हणून मी दहा सूर लिहिले, सहा ओळी रिकाम्या सोडल्या, पुन्हा दहा सूर लिहिले. चाल दहा पावलं चालायची आणि थांबायची.

"तोंड का पडलंय?" विजयानं विचारलं. विजया माझी बायको. तिनं तीस वर्षं गणित शिकवलं.

मी सांगितलं. ती हसता हसता खाली बसली. "सोळाचा पाया, अहो! मुलांकडून घोकून घेतलाय मी. आणि घरचाच विद्यार्थी कच्चा!"

"मला वाटलं, पुढच्या भरतीसाठी जागा असेल."

"कसल्या भरतीसाठी? सुरांच्या?"

मी त्याच दिवशी रिकाम्या ओळी काढून टाकल्या आणि सूर सलग लिहिले. चाल सरळ झाली. दोनदा ऐकली. बरोबर होती, पण कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखी वाटत होती. मी पहिलीच फाइल परत टाकली आणि खाली लिहिलं, 'चूक कायम ठेवत आहे.' अड्ड्यावर तिला 'थांबती चाल' हे नाव पडलं. एका फुकट मिळणाऱ्या गेमनं ती घेतली, आणि लोकांना ती आवडली.

त्यानंतर मी सत्तरेक चाली केल्या. लोक त्यांना 'छान' म्हणत. हा शब्द मी चांगला ओळखतो. पुस्तक न वाचता परत करणारे विद्यार्थी तोच वापरायचे.

सांगायचं एवढंच, की माझ्या नावावर एकच चाल आहे. ती कशी सुचली ते मला आठवत नव्हतं. आयती आली होती. भुसावळचं पत्र आलं तेव्हा मला धक्का बसला नाही. आपल्याला कधीतरी कुणीतरी पकडणार, असं सगळ्याच बाबतीत मला वाटत आलेलं आहे.

*

संगीत करणारी यंत्रं आली तेव्हा चारसुरीवर दिवसाला दहा-पंधरा चाली यायच्या, त्या हजारांनी येऊ लागल्या. कुठली माणसानं केली आणि कुठली यंत्रानं, हे ओळखू येईना. गेम विकणाऱ्यांनाही तीच अडचण होती. चार वर्षांपूर्वी कायदा झाला: संगीत विकायचं तर ते करणाऱ्यानं चाचणीला बसायचं. चाचणीचं सरकारी नाव लांबलचक आहे. लोक तिला 'सावली' म्हणतात.

तिच्यामागचा शोध साधा आहे, निदान समजायला. माणूस चाल करतो तेव्हा प्रत्येक सुराच्या जागी त्याच्या मनात दोन-चार सूर येऊन जातात. एक तो ठेवतो, बाकीचे टाकतो. टाकलेले सूर मेंदू पुसून टाकत नाही. पुढे कित्येक वर्षांनी ती चाल मनात म्हटली, तरी ठेवलेल्या सुरामागोमाग टाकलेलेही क्षीणपणे हलतात. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात येतात आणि जातात. आपल्याला पत्ता लागत नाही. ऐकलेल्या चालीचं असं होत नाही. तिच्यात आपण काही निवडलेलं नसतं, म्हणून तिच्या सुरांना सावली नसते.

पूर्वी हे मोजायला खोलीएवढं अतिथंड यंत्र लागायचं. आता मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारे अडीचशे संवेदक एका हेल्मेटात बसतात. तरी यंत्राची नजर अधू आहे. मनातले चारच आवाज त्याला एका वेळी वेगळे ओळखता येतात. तुम्ही शंभर वाद्यांचा मेळ मनात म्हणा, पडद्यावर चार आवाज उतरतात, आणि केंद्रात ते ऐकवतात जुन्या चिपच्या आवाजात. आमच्या अड्ड्यावर त्या बातमीचा सण साजरा झाला होता.

निकाल तीन प्रकारचे. हिरवा म्हणजे चाल तुमची. लाल म्हणजे चाल तुमच्या डोक्यात मुरलेलीच नाही, कुठून तरी करून आणलेली आहे. पिवळा म्हणजे ऐकलेली.

हे सगळं चांगल्यासाठीच होतं, आणि बरंचसं चांगलंही झालं. पण सोलापूरच्या दोन भावांनी मिळून केलेल्या एका नावाजलेल्या चालीची सगळी सावली धाकट्याच्या डोक्यात निघाली, आणि ते दोघे आता बोलत नाहीत. एका बाईंनी आयुष्यभर स्वतःचं म्हणून गायलेलं गाणं त्यांच्या शाळेतल्या प्रार्थनेचं निघालं. नामवंत मंडळी चाचणी टाळू लागली. माझ्यावर ती वेळ येणार नव्हती. माझी चाल कुणी विकत नव्हतं.

मग रेहाना आली.

रेहाना मुजावर सांगलीची, अडतीस वर्षांची. फोन न करता आली, सोबत खजूर घेऊन. मी बिचकलो, विजयानं तिला आत घेतलं.

"शेवाळेसर, तुमच्यामुळं माझं नववीचं वर्ष वाया गेलं," ती म्हणाली. "रात्रंदिवस तो गेम. खरं तर गेम भंगार होता. मी सुरुवातीचा पडदा उघडून नुसती चाल ऐकत बसायची. अब्बा म्हणायचे, हिला बाधा झालीय."

"माफ करा," मी म्हणालो.

"अहो, ती कौतुक करतेय," विजया म्हणाली.

रेहानानं नोकरी सोडून चार वर्षांत एक गेम केला होता. जुन्या पद्धतीचा, यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजवर मिळणारा, हातातल्या छोट्या यंत्रावर खेळायचा. तिनं यंत्र माझ्या हातात दिलं. पडद्यावर एक मुलगी बाजारातून जात होती. चाल वाजत असेपर्यंत बाजार हलत होता: हातगाड्या, बैल, माणसं. मुलीला तेव्हा जागचं हलता येत नव्हतं. चाल थांबली की सगळा बाजार थबकायचा, आणि त्या सहा रिकाम्या ओळींत तिनं पुढचं पाऊल टाकायचं. शंभर बाजार, शंभर वाटा. सगळा गेम माझ्या चुकीवर उभा होता.

"एक डिसेंबरला बाहेर काढतेय," रेहाना म्हणाली. "सगळं झालंय. फक्त तुमची सावली पाहिजे."

मी खोक्याकडे पाहिलं नाही. पण खोकं कपाटात कुठे आहे ते मला त्या क्षणी फार नेमकं माहीत होतं.

"निकाल पिवळा आला तर?" मी विचारलं.

"तुमचा? पिवळा?" ती हसली. "सर, तुम्ही फाइलच्या खाली 'चूक कायम ठेवत आहे' लिहिणारा माणूस आहात."

*

चाचणी केंद्र कोल्हापुरात होतं. रेहानानं गाडीतून नेलं. चाचणी घेणारा पाटोळे नावाचा पंचविशीतला मुलगा होता. माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवताना तो म्हणाला, "आजोबा, ओठ हलवायचे नाहीत. मनातल्या मनात म्हणायचं. तीन वेळा. मधेच शिंक आली तर पहिल्यापासून."

मी डोळे मिटून चाल तीन वेळा म्हटली. शिंक आली नाही. पाटोळे पडद्याकडे पाहत राहिला. मग त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि त्याच्या आवाजातला खेळकरपणा गेला, त्यावरूनच मला कळलं.

"पिवळा आहे," तो म्हणाला. "एकाही सुराला सावली नाही. असं सहसा होत नाही. पिवळ्यातसुद्धा थोडंफार आपलं मिसळलेलं असतं."

मी मान डोलावली. मला वाईट वाटलं, आणि त्याबरोबर हलकंही वाटलं. वीस-पंचवीस वर्षं दारात उभा असलेला माणूस शेवटी आत आल्यासारखं.

"तुमच्या फाइलमध्ये चौथा आवाज आहे का?" पाटोळेनं विचारलं. "खरखर?"

"नाही. मला तो कधी जमला नाही."

"मग हे ऐका."

त्यानं यंत्रानं उतरवून घेतलेली चाल लावली. दहा सूर ओळखीचे होते. मग थांबणं आलं, आणि त्या थांबण्यात चौथा आवाज होता. ठक. ठक-ठक. थोडं अंतर, पुन्हा ठक-ठक. मग पुढचे दहा सूर. चारही रिकाम्या जागांत तेच.

"तुमच्या डोक्यात तिथं शांतता नाहीय," पाटोळे म्हणाला. "काहीतरी ठोकतंय कुणीतरी."

मी लगेच ओळखलं. बाइंडर.

दर वर्षी मे महिन्यात, सुट्टी लागली की आमच्याकडे एक बाइंडर यायचा. वर्षभराची नियतकालिकं एकत्र शिवून त्यांचे खंड करायचे असत. तो मागच्या व्हरांड्यात पोतं टाकून बसायचा. मधे खिडकी होती आणि खिडकीकडे माझी पाठ असायची, कामाचं विचारायला बाहेर गेलो की तेवढा तो दिसायचा. मी आत सूचिकार्डं लिहायचो, तो बाहेर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचा. शिवताना शीळ घालायचा. एक फर्मा शिवून झाला की दोऱ्याचं टोक दातांत धरायचा, दोरा ताणून ठेवायचा आणि हातोडीनं खंडाची पाठ ठोकायचा. दोरा दातांत असताना शीळ घालता येत नाही. ठोकून झालं की दोरा सोडायचा आणि शीळ जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू. बारा वर्षं, बारा मे महिने. मी ती शीळ ऐकतो आहे हे मला माहीतही नव्हतं. आणि फाइल दुरुस्त केली तेव्हा ती सरळ चाल मला का सोसली नव्हती, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

पाटोळेनं अर्ज पुढं केला. पिवळ्या निकालात एक रकाना भरावा लागतो: मूळ चाल कोणाची. दोन चौकटी होत्या, 'ज्ञात' आणि 'अज्ञात'.

"ज्ञात लिहिलंत तर नाव-पत्ता लागतो, त्यांची किंवा वारसांची लेखी संमती लागते, आणि ती येईपर्यंत चाल अडकते," तो म्हणाला. "अज्ञात लिहा. सगळे तेच लिहितात. मग ती पारंपरिक धरतात आणि तुम्ही संकलक होता. मॅडमचा गेम वेळेवर निघेल."

काचेपलीकडे रेहाना उभी होती. तिनं अंगठा वर करून 'झालं का?' असं विचारलं.

त्या माणसाचं नाव मला खरोखरच माहीत नव्हतं. आम्ही त्याला बाइंडर म्हणायचो. असं स्वतःला सांगत मी 'अज्ञात'वर खूण केली आणि सही केली.

परत येताना रेहाना माझी समजूत घालत होती. "संकलक तर संकलक. मी नाव मोठ्या अक्षरात टाकते. सर, पिवळा म्हणजे काही कमीपणा नाही."

"नाही," मी म्हणालो.

*

चौथ्या दिवशी सकाळी विजया भाजी आणायला गेली असताना मी खोकं काढलं. पत्र पूर्ण वाचायला तीन मिनिटं लागली.

'अण्णा म्हणजे माझे वडील, बाळकृष्ण कोपर्डे. बाइंडिंगच्या कामासाठी वर्षातले आठ महिने बाहेर असायचे. कॉलेजं, कोर्टं, नगरपालिका. घरी यायचे तेव्हा थकलेले असायचे, फार बोलायचे नाहीत. ही चाल तेवढी तोंडात असायची. ती कुठल्या गाण्याची असं विचारलं तर म्हणायचे, कुठली नाही, हात चालतो तशी तोंडाला येते. दोन हजार सहा साली ते परभणीकडे कामावर असताना वारले. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बाहेर ते कसे राहायचे, कुठं बसायचे, काम कसं करायचे, आम्ही काहीच पाहिलं नाही. आमच्याकडे त्यांचे लग्नातले दोन फोटो आहेत. तुम्ही त्यांना कुठं ऐकलंत? काम करताना पाहिलंत का? मी भांडायला लिहीत नाही, वाईट वाटून घेऊ नये. जमल्यास दोन ओळी लिहाव्यात. आपली, निर्मला.'

विजया आली तेव्हा मी खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तिनं पिशवी ठेवली, पत्र घेतलं, उभ्यानं वाचलं, मग चष्मा बदलून पुन्हा वाचलं.

"हे कधीचं?"

"एकोणीस वर्षांपूर्वीचं."

"आणि तुम्ही आज वाचताय?"

"चार ओळी तेव्हा वाचल्या होत्या."

तिनं पत्राची घडी केली. मग म्हणाली, "तीनशे पानांची मार्गदर्शिका दोनदा वाचणारा माणूस तुम्ही. बाईनं तुमच्याकडं काय मागितलंय, तर दोन ओळी."

"मला वाटलं, ती चोर म्हणतेय."

"तुम्हाला नेहमीच तसं वाटतं. परवा बँकेत सही जुळली नाही तर तुम्हीच घाम पुसत होतात." तिनं पत्र माझ्या हातात परत दिलं. "कोल्हापुरात त्या कागदावर काय लिहून आलात?"

मी सांगितलं.

"आधी ते बदला," ती म्हणाली. "मग जेवायला बसू."

रेहानाला फोनवर सांगण्याचं धाडस मला झालं नसतं, आणि म्हणूनच मी फोन केला नाही, विजयानं केला. संध्याकाळी रेहाना आली. मी सगळं सांगितलं: पत्र, बाइंडर, दोरा, हातोडी. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ज्ञात करायचं."

"हो."

"सर, अज्ञात लिहून झालं होतं. सही झाली होती. जन्मात कुणी विचारायला आलं नसतं."

"माहीत आहे."

"आज बारा नोव्हेंबर. पत्र जाणार, बाई तिथं असेल-नसेल, वाचेल, विचार करेल, सही करून पाठवेल. एक डिसेंबर गेला. तो गेला की सगळ्यांचे मोठे गेम येतात, माझ्यासारखीला कोण विचारतं? चार वर्षं, सर."

"मी दुसरी चाल देतो. थांबणारी."

रेहानानं माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या बाकीच्या चाली मी ऐकल्यात," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

विजयानं चहा आणला. कुणी घेतला नाही. रेहानानं फोन काढून शोध घेतला. "निर्मला कोपर्डे. चौदा निघतात. त्यातल्या तिघी रेसिपी दाखवतात. आणि लग्नानंतर हिचं आडनाव बदललं असेल तर विचारूच नका. पत्रावर पत्ता आहे ना? उद्या गाडी काढते. भुसावळ काय, दहा तास."

"आधी पत्र," मी म्हणालो.

"का?"

"एकोणीस वर्षं गप्प बसलेला माणूस एकदम दारात उभा राहिला आणि त्याच्या हातात सही करायचा कागद असला, तर मी अण्णांबद्दल सांगायला आलोय असं ती धरणार नाही."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"मग माझा गेम?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. ती उठली, विजयाला नमस्कार करून गेली. जिन्यावर तिची पावलं मला ऐकू येत होती, आणि ती कुठंही थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. 'कोल्हापूरला जाऊन अर्ज बदलून घेतला. तुमची सही घ्यायला पाटोळे उद्या तुमच्याकडं येईल. एक डिसेंबर रद्द केला आहे. पुढची तारीख दिलेली नाही. संमतीचा कागद पहिल्या पत्रात घालू नका, नाहीतर तुम्ही बोललात त्याला काही अर्थ राहत नाही. अक्षर नीट काढा.'

*

उत्तर लिहायला मला पाच दिवस लागले. विजयानं दोनदा डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा एकच विचारलं, "क्षमा किती ओळींत मागितलीय?" पहिल्यांदा ती दीड पान होती. तिनं ती खोडायला लावली. "तिनं वडिलांबद्दल विचारलंय. तुमच्याबद्दल नाही."

शेवटी जे पाठवलं ते असं:

'निर्मलाताई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला एकोणीस वर्षं लागली. मी घाबरलो होतो आणि पत्र पुरतं वाचलं नव्हतं. त्याबद्दल क्षमा असावी.

चाल तुमच्या अण्णांचीच आहे. ती मी त्यांच्याकडून ऐकली, पण ऐकली आहे हे मला आत्ता, एका चाचणीत कळलं. एकोणीसशे ब्याण्णव ते दोन हजार तीन, दर मे महिन्यात ते कराडच्या आमच्या ग्रंथालयात कामाला असत. मागच्या व्हरांड्यात उत्तरेकडच्या खांबाला टेकून बसत, कारण तिथं दुपारी दोनपर्यंत सावली असे. अंगात बंडी, सदरा खांबाच्या खिळ्याला. खळ स्वतः शिजवत. तिला वाळवी लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत आणि शिपायांना बजावत, बोट लावू नका, विष आहे. सकाळी साडेसातला सुरू करत. फर्मे शिवताना शीळ घालत. दोऱ्याचं टोक दातांत धरून पाठ ठोकायची वेळ आली की शीळ थांबे. तीन-चार ठोके, कधी पाच. मग दोरा सोडून थांबली तिथून पुढं. माझ्या चालीत थांबण्याच्या जागा आहेत, त्या त्यांच्या हाताच्या आहेत. घरी त्या तुम्हाला ऐकू आल्या नसतील, कारण घरी त्यांच्या तोंडात दोरा नसे.

खंड पुरा झाला की तो मांडीवर घेऊन पंजानं एकदा दाबत आणि बाजूला ठेवत. वळून पाहत नसत. त्यांनी बांधलेला एकही खंड माझ्या नोकरीत उसवला नाही. ते खंड आता नाहीत. नऊ वर्षांपूर्वी सगळे रद्दीत गेले, मला उशिरा कळलं.

मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. बारा वर्षांत आमचं बोलणं एवढंच: मी विचारायचो, झालं का? ते म्हणायचे, होतंय. त्यांचं नाव मला तुमच्या पत्रातून कळलं. मला एवढंच माहीत आहे. आणखी काही विचारायचं असल्यास विचारावं, आठवेल तेवढं सांगेन. आपला, मुकुंद शेवाळे.'

सरळ लिहिलेलं एवढं मोठं पत्र माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. ते बरं आहे की वाईट, मला ठरवता आलं नाही. विजयानं वाचलं आणि पाकिटावर पत्ता घातला, कारण तिचं अक्षर चांगलं आहे.

आमच्या पोस्टाची खिडकी आता मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडते. मंगळवारी मी गेलो. रांगेत चार जण होते, त्यातल्या तिघांना पार्सलं परत करायची होती. खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटंपालटं केलं.

"आत काय आहे, आजोबा?"

"पत्र."

"नुसतं पत्र?" तिनं वजनकाट्यावर ठेवलं. "पाठवणाऱ्याचा फोन नंबर?"

मी विजयाचा दिला.

"पत्ता जुना वाटतोय. माणूस सापडला नाही तर परत येईल. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही. परत आलं तर मला सांगा. मग स्वतः घेऊन जाईन."

तिनं मान वर करून एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी तिथंच उभा होतो. मागचा माणूस खाकरला.

"आजोबा, झालं असेल तर सरका जरा."

मी सरकलो.